टेकडीच्या पोटातले शिसे

१

त्या वसंतात टेकडी खोदण्याची जागा ऑर्फा विल्मरने निवडली, गोळीच्या बुडाची खाच सर्वांआधी तिने पाहिली, आणि ‘आणखी खोल’ हे शब्दही तिच्याच तोंडचे होते. पुढे टेकडीत जे सापडले त्यात तिचा वाटा एवढाच होता. याहून कमी नव्हता आणि अधिकही नव्हता.

विल्मर भावंडांची शनिवारची सकाळ ओतकामासाठी राखलेली असे. घरामागच्या पत्र्याच्या शेडचे दार आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या जात. लोखंडी भांड्यातले शिसे वितळले की ऑर्फा त्यात मेणाचा खडा टाकत असे. धूर उठे, काडी लावताच पिवळी ज्योत भडके आणि मळी वर येई. मळी काढल्यावर भांड्यात जो निखळ आरसा उरतो, तो पाहण्यासाठीच आपण हा उद्योग करतो, असे तिला कित्येकदा वाटले होते. तिने ते कोणाला सांगितले नव्हते. निवृत्त शिक्षिकेने सांगावे असे ते नव्हते.

पळी तिच्या हाती आणि साचा लिअँडरच्या हाती, ही वाटणी ठरलेली होती. लिअँडर तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता; त्याला तिने वाढवले, वाचायला शिकवले आणि नेम धरायलाही तिनेच शिकवले. आता त्याचे केस पांढरे झाले होते. त्याच्यावाचून तिला जगात कोणी नव्हते.

साचा नवा होता. गोळीचे नाक कसे असावे यासंबंधी लिअँडरची काही ठाम मते होती. त्यांनुसार त्याने स्वतः आकृती काढली आणि एका कारागिराकडून हिवाळ्यात साचा करवून घेतला. तशी बसक्या नाकाची गोळी जगात दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि असावी असे लिअँडरखेरीज कोणाला वाटतही नव्हते.

शिसे थिजले की साच्यावरच्या पात्याला लाकडी दांडक्याने ठोसा द्यायचा. पाते सरकते, तोंडाशी उरलेले जादा शिसे तुटून पडते, मग साचा उघडायचा आणि गोळी जुन्या टॉवेलवर पाडायची. दांडका लाकडाचाच हवा, हे मिसूरीच्या त्या शिशाच्या मुलखात पोराला पाढ्यांआधी कळते. त्या दिवशी हिकरीच्या टणक लाकडाचा दांडका मोडला. लिअँडरने न पाहताच बाकावर हात लांबवला, हाती आलेला लोखंडी पाना पात्यावर मारला, आणि पाना घसरून साच्याच्या कडेवर बसला.

“लाकडाचा तुकडा पायाशीच पडलाय,” ऑर्फा म्हणाली. “वाकायला काय झालं होतं?”

“कंबर तुझ्या वयाची झालीय, ताई.”

तिने भिंग लावून पाहिले. कडेला खाच पडली होती आणि खाचेतून केसासारखी एक तिरपी रेघ डावीकडे गेली होती. पुढची गोळी पडली तेव्हा तिच्या बुडावर ती खूण जशीच्या तशी उतरलेली होती. ऑर्फाने ती गोळी पुन्हा भांड्यात टाकायला हात पुढे केला, तर लिअँडरने तो अडवला. स्पर्धेला नाही तरी सरावाला चालतील, असा त्याचा युक्तिवाद होता. तिने नाइलाजाने मान्य केले. मात्र खाच असलेली एकही गोळी अजून झाडली गेली नव्हती, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२

दर वसंतात, जमिनीतला बर्फ वितळला की नेमबाज मंडळाचे सभासद टेकडी खोदत. ती मूळची टेकडी नव्हेच. बंद पडलेल्या, खनिज दळणाऱ्या गिरणीने शिसे काढून घेतल्यावर टाकलेल्या करड्या रेतीचा तो ढिगारा होता, चर्चच्या कळसाहून उंच. तीन पिढ्या त्याच्या पायथ्याशी नेम धरत आल्या होत्या. झाडलेले शिसे रेतीतून चाळून काढायचे, वाटून घ्यायचे, वितळवायचे, ओतायचे आणि पुन्हा त्याच रेतीत झाडायचे, असा तिथला रिवाज होता. जे शिसे याच जमिनीतून निघाले ते याच जमिनीत परत जाई, आणि त्यात कोणाला काही नवल वाटत नसे.

मंडळाचा अध्यक्ष अल्सीड पोलिट पूर्वी खाणीत मुकादम होता आणि आता मंडळाच्या बैठकांत ऑर्फाशी वाद घालणे हा त्याचा व्यवसाय होता. कुठे खोदायचे यावरून त्या दिवशीही वाद झाला. ऑर्फाने डाव्या कोपऱ्यातला देवदाराचा बुंधा दाखवला. नेमबाज उभे राहतात ती नेमाची रांग त्या कोपऱ्यासमोरून हलवल्याला एक पिढी लोटली होती. तेव्हापासून त्या भागाला कोणाचे फावडे लागले नव्हते.

“तिथं मुळ्या आहेत, मिस ऑर्फा,” अल्सीड म्हणाला.

“मुळ्यांना मी घाबरत नाही. तुमचे गुडघे घाबरत असतील तर तसं सांगा.”

अल्सीडने फावडे उचलले.

पुरुष चाळत होते आणि ऑर्फा घडीच्या टेबलाशी बसून वेचत होती. दुपारच्या सुमारास तिच्या बोटांना एक गोळी लागली. ती पांढरीफटक होती. जुन्या शिशावर चढते तसे खडूसारखे पूट तिच्यावर चढले होते. नाक बसके होते. ऑर्फाने ती उलटी केली.

बुडाच्या कडेला खाच होती, आणि खाचेतून केसासारखी एक तिरपी रेघ डावीकडे गेली होती.

तिने गोळी रुमालात बांधली आणि वेचण्याचे काम पुढे चालू ठेवले. काम अर्धवट सोडण्याची तिला सवय नव्हती. परंतु त्या दिवशी तिने वेचलेल्या शिशात खडे निघाले, आणि अल्सीडने त्याबद्दल तिला आठवडाभर चिडवले.

३

तिने कारणांचा विचार शिस्तीने केला. पहिले कारण अर्थातच लिअँडर. शिसे व्हिनेगरच्या वाफेवर टांगले की पांढरे होते, हे तिनेच त्याला लहानपणी दाखवले होते. रात्रीच्या जेवणाला बसताना तिने रुमाल त्याच्या ताटाशी ठेवला आणि चेष्टा पुरे झाली, असे सांगितले.

त्याने गोळी बराच वेळ पाहिली. मक्याची भाकरी त्याच्या हातात तशीच राहिली.

“मी नाही केलं, ताई.”

“मग कोणी केलं?”

“ते मी तुला विचारणार होतो. घरात शहाणी तू आहेस.”

तो खोटे बोलू लागला की त्याचे कान लाल होत. ते लाल झाले नव्हते. तरीही तिने खातरजमा केली. खाच असलेली एक नवी गोळी तिने बरणीत व्हिनेगरवर टांगली. काही दिवसांनी तिच्यावर पांढरी साय धरली, पण ती अंगठ्याने पुसली गेली. टेकडीतल्या गोळीवरचे पूट नखाने निघेना, चाकूनेही निघेना.

मग तिने गोळी झाडून पाहण्याचे ठरवले. भिजवलेल्या वर्तमानपत्रांनी ठासून भरलेले एक पिंप शेडमागे असे. त्यात झाडलेली गोळी अखंड परत मिळते. छापील चुका लाल पेन्सिलीने सुधारल्यावाचून ऑर्फा वर्तमानपत्र भिजवत नसे, म्हणून त्या लगद्यात सगळीकडे लाल रेघा असत. लिअँडरने आपल्या रिव्हॉल्व्हरने एक गोळी झाडली. खाच पडलेल्या गोळ्यांपैकी ती पहिली झाडलेली गोळी होती. तिने लगदा उलगडत जाऊन ती बाहेर काढली. गोळी अजून कोमट होती.

खिडकीशी बसून तिने दोन्ही गोळ्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. नाक तेच. खाच तीच. रेघ तीच. लिअँडरच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीत एक जुना ओरखडा होता. त्याचा चरा नव्या गोळीच्या अंगावर उमटला होता, आणि पांढऱ्या पुटाखालून, त्याच जागी, जुन्या गोळीच्या अंगावरही तो दिसत होता.

ऑर्फाने भिंग खाली ठेवले. समोर भाऊ उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचण्याची त्याला पाळण्यापासूनची सवय होती, आणि आज तिथे वाचण्यासारखे काहीच नव्हते.

“म्हणजे नेम चांगला बसला,” तो हलकेच म्हणाला. “झाडायच्या आधीच पोचली.”

ती हसली नाही. तोही हसला नाही.

४

पुढच्या शनिवारी ओतकाम झाले नाही. न्याहारी आटोपून ते टेकडीवर गेले. अल्सीडला बोलावणे भाग होते, कारण फाटकाची किल्ली त्याच्याकडे होती. सगळे ऐकून घेईपर्यंत त्याने एकदाही मध्ये तोंड घातले नाही, हीच गोष्ट ऑर्फाला अस्वस्थ करणारी वाटली. पांढऱ्या गोळीवर त्याने अंगठा फिरवला. असे पूट आपण खाणीच्या जुन्या बोगद्यांत पाहिले आहे, असे तो म्हणाला. ते चढायला माणसाचे आयुष्य लागते, आणि कधी त्यानेही भागत नाही.

देवदाराच्या बुंध्याभोवती ते खोदू लागले. हातभर खोलीवर गोळ्या लागल्या. ऑर्फा एकेक उचलून उलटी करत होती. खाच. खाच. खाच. दुसऱ्या कोणाची गोळी त्यांत नव्हती. तीन पिढ्यांनी झाडलेल्या शिशापैकी कणभरही त्या कोपऱ्यात नव्हते. तिच्या तर्काला अजून एक फट दिसत होती: कोणी तरी हे सारे अलीकडे पुरून ठेवले असेल. ती फट अल्सीडच्या कुऱ्हाडीने बुजवली. मनगटाएवढी एक मुळी आडवी आली, ती त्याने चिरली, आणि लाकडाच्या ऐन गाभ्यात एक गोळी दिसली. वर्षावर्षाची वलये तिच्याभोवती मिटली होती, जखम मिटावी तशी. गोळीचे बूड बाहेरच्या बाजूला होते. त्यावर खाच होती.

अल्सीडने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. फेकली नाही, ठेवली.

“हे झाड माझ्या बापानं लावलंय,” एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर ऑर्फाला ती वेगळी गोळी सापडली. इतर गोळ्या रेतीने घासलेल्या होत्या. हिचे नाक चपटे झाले होते आणि त्या चपट्या भागावर बारीक समांतर उभ्या रेघा होत्या. मऊ शिसे ज्यातून जाते त्याचा ठसा घेते, हे त्या मुलखात सर्वांना ठाऊक असते. कापडातून गेलेल्या गोळीवर कापडाची वीण उमटते. या उभ्या रेघा कॉर्डरॉयच्या, उभ्या धारांच्या जाड कापडाच्या होत्या, आणि त्यांना छेदून एक रफू गेला होता. दोन धागे वरून, एक खालून. असा रफू कोणीही करत नाही. तिने तो लिअँडरच्या कोटावर केला होता, कारण तपकिरी दोरा संपत आला होता.

ती उठली आणि लिअँडरच्या जवळ गेली. त्याने तोच कोट घातला होता. हिवाळ्यात काटेरी तारेत अडकून तो फाटला होता, डाव्या छातीवर. तिने गोळी रफूवर टेकवली. रेघेवर रेघ बसली, टाक्यावर टाका बसला.

गोळीखाली त्याचे हृदय चालू असलेले तिला बोटांत जाणवत होते.

“ताई,” तो म्हणाला, “हात काढ. थंड आहे ते.”

५

तिथेच थांबावे, असे अल्सीडचे मत होते. खड्डा बुजवावा, फाटकाला कुलूप लावावे. ऑर्फा म्हणाली, “आणखी खोल.” अर्धे वाचून पुस्तक मिटणाऱ्याला काही कळत नाही आणि न वाचणाऱ्याची शांतीही त्याला मिळत नाही, अशी तिची समजूत होती.

अल्सीडने फावडे रोवले. रेतीत फावडे शिरते तेव्हा जो आवाज होतो तो झाला नाही. समोरची रेती पडदा सरकावा तशी खाली ओघळली, आणि उन्हाचा झोत थेट टेकडीच्या पोटात गेला.

ते किती वेळ दिसले, हे तिघांपैकी कोणालाही नंतर सांगता आले नाही.

रेतीत झाडलेले शिसे कसेही पडते. आडवे, वाकडे, चेपलेले. इथे समोर पांढरी भिंत उभी होती, आणि ती गोळ्यांची होती. एकही आडवी नव्हती. सगळ्यांची बसकी नाके बाहेर होती, नेमाच्या रांगेकडे, त्या तिघांकडे. शिक्षक वर्गात येताच सगळी मुले उठून उभी राहतात आणि बाकांचा आवाज थांबतो, त्या क्षणासारखी ती शांतता होती. भिंतीत मध्येच एक खिंड होती, आणि खिंडीच्या आत तशीच दुसरी भिंत होती, तिच्याही पलीकडे आणखी काही फिकट पांढरे. आत, आत, जिथे टेकडी संपायला हवी होती त्याच्याही पुष्कळ पुढपर्यंत. कुठेतरी अगदी खोल काही हलल्यासारखे झाले. मोठे आणि सावकाश. कुशीवर वळल्यासारखे.

भीती नंतर वाटली. आधी ऑर्फाला आपण फार लहान असल्यासारखे वाटले, आणि त्याचे दुःख झाले नाही. लहानपणी वडिलांनी तिला खाणीत उतरण्याच्या लोखंडी पाळण्यातून खाली नेले होते आणि कंदिलाच्या उजेडात शिशाचा सबंध डोंगर आतून लकाकला होता. तेव्हा तिने वडिलांचे बोट सोडले होते. आज तिने हातातले भिंग खाली ठेवले. एवढ्या गोळ्या कोणत्याही दोन माणसांना कोणत्याही जन्मात ओतता येणार नव्हत्या. आणि तरी प्रत्येक गोळी तिच्या पळीतून गेलेली होती, लिअँडरच्या हातून पडलेली होती. टेकडी त्या साऱ्या शनिवारांना आधीच ओळखत होती.

रेती पुन्हा ओघळली आणि भिंत झाकली गेली. उरली ती फक्त सळसळ. ती रेती मात्र थांबेना. कडेवरून बारीक धार लागून राहिली होती, कोणी आतून श्वास घेत असावे तशी.

अल्सीडच्या हातात त्याची टोपी होती. ती त्याने कधी काढली हे त्यालाही आठवत नव्हते.

६

ते नेमाच्या रांगेतल्या बाकावर येऊन बसले. अल्सीडने थर्मासमधली कॉफी तिघांना वाटली आणि ती कोणी प्यायले नाही.

साचा आजच पाण्याने भरलेल्या जुन्या खाणीत बुडवावा, असे अल्सीडने सुचवले. ऑर्फाने ते मान्य केले, पण त्याने काय साधेल, हे तिला कळत नव्हते. साचा बुडाला म्हणून मुठीतली गोळी नाहीशी होणार नव्हती. तिचा आवाज तिच्या नकळत चढला होता. गोळी झाडली गेली आहे, ती त्या रफूतून गेली आहे, आणि त्या रफूमागे काय असते ते सर्वांना ठाऊक आहे, असे ती म्हणाली. वाक्य पूर्ण झाल्यावर तिला लिअँडरकडे पाहवेना.

लिअँडरने तिची मूठ उघडली आणि गोळी उन्हात धरली.

“ताई, नीट वाच,” तो म्हणाला. “आयुष्यभर मला हेच सांगत आलीस ना? यावर कोट उमटलाय. मी कुठं उमटलोय?”

ऑर्फाने गोळी घेतली. कॉर्डरॉय होते. रफू होता. अस्तराची वीण मागे पुसटशी होती. सदऱ्याची नव्हती. तिने पुन्हा पाहिले, मग खड्ड्याजवळ राहिलेले भिंग आणवून पाहिले. सदऱ्याची वीण नव्हती, आणि हाडावर आपटलेल्या शिशाचे नाक दुमडते तसे ते दुमडलेही नव्हते.

“लेकरा,” ती म्हणाली. हा शब्द तिने त्याच्यासाठी कित्येक वर्षांत वापरला नव्हता.

लिअँडर कोट काढू लागला होता. टेकडीला एक कोट येणे आहे तर तो देऊन टाकावा, असे त्याचे म्हणणे होते. अल्सीडला हा पोरखेळ वाटला. अशा गोष्टीशी हिशेब करायचा नसतो, तिच्या वाटेतून बाजूला व्हायचे असते, असे त्याने ऐकवले. लिअँडरने विचारले की टेकडीच्या वाटेतून बाजूला व्हायला अल्सीड कोणत्या गावी राहायला जाणार आहे. अल्सीडचा बाप, आजा आणि पणजा त्याच रेतीच्या कडेला पुरलेले होते.

मग ऑर्फाने बैठकीत मांडतात तसा ठराव मांडला, प्रत्येक कलम स्वतंत्र वाक्यात. कोट खांबावर टांगावा आणि त्याला बटणे लावावीत, कारण अर्धवट दिलेले दिले असे होत नाही. कापडाची वीण असलेली गोळी जिथे सापडली तिथे परत ठेवावी. खाच असलेल्या नव्या गोळ्यांपैकी एकच, कोटाच्या रफूतून, टेकडीत झाडावी. उरलेल्या गोळ्या आणि साचा खाणीच्या पाण्यात बुडवावा. देवदाराचा कोपरा यापुढे कोणी खोदू नये. झाडण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले, कारण स्वतःच्या कोटावर नेम धरायला भावाला सांगणे तिला शक्य नव्हते आणि अल्सीडच्या हाताला कंप होता.

लिअँडरने संमती दिली. पुढच्या हिवाळ्यापूर्वी ऑर्फाने आपल्याला नवा कोट शिवून द्यावा आणि तो कॉर्डरॉयचा नसावा, एवढीच अट त्याने घातली. अट मंजूर झाली. अल्सीडने खिशातून रुमाल काढून नाक पुसले, इथे पुरलेल्यांच्या वतीनेही एक मत असायला हवे, असे काहीसे पुटपुटला, आणि त्यानेही हात वर केला. त्याचा आधीचा विरोध नोंदवायचा का, असे ऑर्फाने विचारले. नको, असे तो म्हणाला.

कोट टांगला गेला. वारा नव्हता, तरी त्याची छाती किंचित भरलेली वाटत होती. लिअँडर तिच्या मागे, उजव्या हाताला, नुसत्या सदऱ्यावर उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि त्यामागे सकाळपासून न थांबलेली ती बारीक धार.

ऑर्फाने रिव्हॉल्व्हर उचलले. रफू नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर आला.

धार थांबली. सबंध टेकडीवर एक कणही हलेना.

तिने नेम न सोडता विचारले की याला होकार समजायचे का. समजायचे, असे लिअँडर म्हणाला. क्षणभराने अल्सीडनेही तेच म्हटले. तेव्हा एकमताने तसे ठरले, आणि तिने घोडा ओढला.